आमची सुसंस्कृत कृतघ्नता

एखादा कलावंत निवर्तला म्हणजे आमच्या सुशिक्षित समाजाला दोन प्रकारचें सुतक येतें. पहिलें तीन दिवसांचें. त्यांत वृत्तपत्रें त्याच्या गुणांची यादी छापतात आणि आपण ती वाचून हळहळतों. दुसरें अधिक काळ टिकतें. त्यांत त्याच्या आयुष्याचा जमाखर्च मांडून बिचाऱ्यानें आपली बुद्धि भलत्याच कामीं वेंचली, असा निवाडा देण्यांत येतो. वनराज भाटिया हे ७ मे २०२१ रोजीं, ९३ वर्षांचें वय पुरें करून, मुंबईस वारले, तेव्हां हीं दोन्ही सुतकें यथासांग पाळलीं गेलीं. पहिल्याविषयीं माझी तक्रार नाहीं. दुसऱ्याविषयीं आहे, आणि ती स्पष्ट शब्दांत मांडावी एवढ्यासाठींच हा लेख.

निवाडा कोणता, तें आधीं सांगतों. लंडन व पॅरिस येथें पाश्चात्त्य संगीताचें उच्च शिक्षण घेतलेला हा मनुष्य साबणांच्या आणि साड्यांच्या जाहिरातींना चाली लावीत बसला. दूरदर्शनवरील मालिकांना शीर्षकसंगीत पुरवीत बसला. आणि त्याच्या हातून व्हावयाचें तें मोठें कार्य राहूनच गेलें! असा निवाडा देणारे लोक दुष्ट नाहींत. ते वाचणारे, मैफलींना जाणारे, घरांत पुस्तकांचें कपाट बाळगणारे, म्हणजे तुमच्याआमच्यांतलेच आहेत. म्हणूनच त्यांचें म्हणणें तपासून पाहणें अवश्य आहे. अडाणी माणसाच्या अनास्थेनें कलेचें फारसें बिघडत नाहीं. जाणत्याच्या अर्धवट जाणिवेनें मात्र पुष्कळ बिघडतें.

माझें म्हणणें थोडक्यांत असें. भाटिया यांचें जें काम पोटासाठीं केलेलें म्हणून आम्ही बाजूला सारतों, तेंच त्यांचें खरें आणि सलग कार्य होय. त्याला क्षुद्र ठरविणारी आमची मोजपट्टीच आंखूड आहे. आणि या मोजपट्टीच्या आडोशानें, कर्त्याला नांव व मोबदला देण्याचें टाळण्याची एक सोईस्कर रीत आम्हीं पिढ्यान् पिढ्या चालू ठेविली आहे. अभिरुचीचा प्रश्न आणि न्यायाचा प्रश्न येथें एकमेकांत गुंतलेले आहेत. पहिला सुटल्याखेरीज दुसरा सुटावयाचा नाहीं.

प्रथम त्या आयुष्याची रूपरेषा पाहूं. वनराज भाटिया यांचा जन्म ३१ मे १९२७ रोजीं मुंबईंत, एका कच्छी व्यापारी कुटुंबांत झाला. न्यू एरा शाळेंत शिकत असतांना हिंदुस्थानी संगीताचे पाठ त्यांना मिळाले ते प्रो. बी. आर. देवधर यांच्या विद्यालयांत; कुमार गंधर्व ज्या विद्यालयांत घडले त्याच विद्यालयांत. पुढें विशीच्या आंतच चायकोव्हस्कीचा पहिला पियानो कन्चेर्टो कानांवर पडला आणि मुलाच्या मनाला दुसरीच ओढ लागली. डॉ. माणेक भगत यांच्यापाशीं चार वर्षें पियानोचा अभ्यास झाला. १९४९ सालीं एल्फिन्स्टन कॉलेजांतून इंग्रजी विषय घेऊन ते एम. ए. झाले आणि लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्यूझिकमध्यें दाखल झाले. तेथें हॉवर्ड फर्ग्युसन, ॲलन बुश व विल्यम ऑल्विन यांच्या हाताखालीं रचनाशास्त्र शिकून, १९५४ सालीं सुवर्णपदक घेऊन ते बाहेर पडले. त्यानंतर पॅरिस, आणि तेथें पांच वर्षें नाडिया बूलांजे यांचें शिष्यत्व. हें नांव आमच्याकडे फारसें परिचित नाहीं. आरन कोपलंडपासून फिलिप ग्लासपर्यंत अमेरिकेच्या दोनतीन पिढ्यांतील रचनाकार ज्या बाईंच्या हाताखालून गेले, त्या ह्या. संगीतरचनेचें याहून कडक गुरुकुल त्या काळीं युरोपांत सांपडणें कठीण होतें.

१९५९ सालीं भाटिया स्वदेशीं परतले. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं १५ सप्टेंबरला दिल्लींत दूरदर्शनचें प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालें. ज्या यंत्राशीं आपलें नांव पुढें जोडलें जाणार आहे, तें यंत्र आपल्याबरोबरच या देशांत पाऊल टाकीत आहे, याची कल्पना त्यांना तरी कोठून असणार?

आतां टीकाकारांना माझा पहिला प्रश्न. परतल्यावर या गृहस्थांनीं काय करावें अशी आपली अपेक्षा होती? सिम्फनी लिहावी? लिहिली असती, पण ती वाजविणार कोण, आणि ऐकणार कोण? नाटककाराला नाटक लिहून पेटींत ठेवतां येतें, आणि तें कोणी वाचलें तरी त्याचें निम्में सार्थक होतें. वाद्यवृंदासाठीं लिहिलेला कागद वाजविल्याशिवाय मुका असतो. ज्या देशांत पगारी, बारमाही वाद्यवृंद नाहीं, त्या देशांत सिम्फनी लिहिणाऱ्याची अवस्था पाणी नसलेल्या गांवांत नाव बांधणाऱ्या सुताराप्रमाणें होते. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा व्यावसायिक वाद्यवृंद मुंबईंत स्थापन झाला तो २००६ सालीं. त्या वेळीं भाटिया ७९ वर्षांचे होते. म्हणजे त्यांनीं "मोठें कार्य" करावें अशी अपेक्षा धरणाऱ्या समाजानें त्या कार्याचें हत्यार त्यांच्या हातीं देण्यास ४७ वर्षें लाविलीं, आणि मग विचारलें कीं, कार्य कां झालें नाहीं?

१९६० ते १९६५ पर्यंत दिल्ली विद्यापीठांत पाश्चात्त्य संगीतशास्त्राचे रीडर म्हणून त्यांनीं अध्यापन केलें. मीहि अध्यापनाचाच व्यवसाय करतों. तो हलका आहे असें मी कसें म्हणेन? परंतु रचनाकाराला विद्यापीठांत विद्यार्थी मिळतात, वादक मिळत नाहींत. वादक होते ते मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत. गोव्यांतील चर्चला जोडलेल्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलिपि आणि व्हायोलिन शिकून मुंबईस आलेल्या गोमंतकीय वादकांची तेथें एक परंपराच उभी राहिली होती. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड हीं त्यांतलीं कांहीं नांवें. पडद्यावर तीं क्वचितच झळकलीं. कागद समोर ठेवतांच तो वाजवून दाखविणारे हात साऱ्या हिंदुस्थानांत जर कोठें एकवटले असतील, तर ते या खोल्यांत. आणि या खोल्यांचें भाडें भरण्यास तयार कोण होता? चित्रपटनिर्माता, आणि त्याच्याहि आधीं साबण व कापड विकणारा कारखानदार. भाटिया तेथें गेले. शिकारी रानांत जातो, त्याला कोणी स्वधर्मापासून ढळला असें म्हणत नाहीं.

शक्ति सिल्क साड्यांच्या जाहिरातपटाला त्यांनीं संगीत दिलें. जाहिरातपटासाठीं स्वतंत्र संगीत रचणारे या देशांतील पहिले रचनाकार म्हणून त्यांचा उल्लेख होतो. त्यापुढें जाहिरातींसाठीं त्यांनीं केलेल्या रचनांची संख्या ७,००० च्या वर सांगतात. लिरिल साबणाची ती शब्दहीन, धबधब्याखालची लकेर त्यांचीच. १९७४ सालीं श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर'पासून त्यांचें चित्रपटसंगीत सुरू झालें. 'मंथन', 'भूमिका', 'मंडी', अपर्णा सेन यांचा '३६ चौरंगी लेन', विजयाबाई मेहता यांचा 'पेस्तनजी' अशी ती रांग आहे. दूरदर्शनवर 'खानदान', 'यात्रा', वागळे नांवाच्या कारकुनाची ती सुप्रसिद्ध 'दुनिया', 'तमस' आणि 'भारत एक खोज' हीं त्यांचीं कामें. 'तमस'साठीं त्यांना राष्ट्रीय चित्रपट पारितोषिक मिळालें, १९८९ सालीं संगीत नाटक अकादमीचें पारितोषिक, २०१२ सालीं पद्मश्री. एवढें सर्व असून शिष्टांचा शेरा एकच : वाया गेला.

या शेऱ्याच्या मुळाशीं तीन समजुती आहेत. पहिली अशी कीं, दुसऱ्याच्या मागणीवरून, दुसऱ्याच्या कार्यासाठीं निर्माण होतें तें शिल्प असेल, कारागिरी असेल, कला नव्हे. ही समजूत इतकी रूढ आहे कीं ती तपासून पाहण्याचें आमच्या मनांतहि येत नाहीं. बाख १७२३ सालीं लाइप्त्सिग शहराच्या चाकरींत शिरला, आणि दर रविवारच्या उपासनेला नवा कँटाटा हवा म्हणून आठवड्यामागून आठवडे रचना करीत राहिला. हायडन एस्टरहाझी घराण्याच्या पदरीं होता आणि नोकरांचा पोषाख घालून धन्याच्या मर्जीप्रमाणें संगीत रचीत होता. युरोप दूर वाटत असेल तर आपलें घर पाहा. 'मानापमाना'च्या चाली गोविंदराव टेंबे यांनीं १९११ सालीं दिल्या आणि 'स्वयंवरा'च्या भास्करबुवा बखले यांनीं १९१६ सालीं. त्या नाटक कंपनीच्या मागणीवरून दिल्या, विशिष्ट नटाच्या गळ्यासाठीं दिल्या, आणि तिकिटें खपावींत म्हणूनच दिल्या. त्या चाली आज आम्ही मैफलींत डोळे मिटून ऐकतों. तिकिटाचा पैसा शंभर वर्षांनीं पवित्र होतो आणि साबणाचा पैसा होत नाहीं, असा कांहीं शास्त्रार्थ असल्यास तो मला ठाऊक नाहीं.

शिवाय शीर्षकसंगीताचा धर्मच मुळीं सेवेचा आहे. आणि या सेवेला आमच्या परंपरेंत फार जुनें व मानाचें नांव आहे. तें नांव नांदी. पडदा वर जाण्यापूर्वीं प्रेक्षकाचें चित्त त्याच्या घरगुती विवंचनांतून सोडवून पुढील प्रयोगाच्या रसाकडे वळविणें, हें नांदीचें काम. रंगमंदिरांत येणारा प्रेक्षक निदान पैसे मोजून, कपडे बदलून, मन तयार करून आलेला असतो. दूरदर्शनचा प्रेक्षक जेवणाचें ताट पुढें घेऊन बसलेला असतो, मूल रडत असतें, दाराशीं कोणी आलेलें असतें. अशा माणसाला मिनिटा-दीड मिनिटांत पांच हजार वर्षांच्या इतिहासापुढें किंवा फाळणीच्या वणव्यापुढें नेऊन उभें करावयाचें, ही कामगिरी जुन्या नांदीकाराला कधीं सांगितली गेली नव्हती.

दुसरी समजूत आकाराची. मिनिटा-दीड मिनिटाची कसली आली आहे कला? हा प्रश्न विचारणारे बहुधा साहित्याचे प्रेमी असतात, याचें मला विशेष नवल वाटतें. साडेतीन चरणांची ओवी, दोन ओळींचें सुभाषित, दोन मिसऱ्यांचा शेर यांवर आम्ही व्याख्यानें देतों. अल्पाक्षरत्व हा गुण म्हणून विद्यार्थ्यांकडून घोकवून घेतों. आणि तोच गुण स्वरांत आला कीं त्याला तुकडा म्हणतों. विस्ताराला जागा असली म्हणजे चूक झांकतां येते. ख्याल गाणाऱ्याची एक तान फसली तर पुढची सांवरून घेते. शीर्षकसंगीताला दुसरी तान नाहीं. शिवाय तें आठवड्यामागून आठवडे पुन्हां पुन्हां ऐकलें जाणार असतें. दहाव्या वेळीं शिळें होणारी चाल येथें टिकत नाहीं, आणि पहिल्याच वेळीं समजली नाहीं तर ऐकणारा दुसऱ्या वेळेपर्यंत थांबत नाहीं. हे दोन परस्परविरोधी नियम एका मिनिटांत पाळावयाचे असतात.

'भारत एक खोज'चें उदाहरण घेऊं. नेहरूंनीं अहमदनगरच्या किल्ल्यांत बंदिवासांत असतांना लिहिलेल्या आणि १९४६ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावर बेनेगल यांनीं ५३ भागांची मालिका केली. १९८८ सालीं ती दूरदर्शनवर सुरू झाली. तिच्या आरंभीं ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील नासदीय सूक्त योजिलें होतें, आणि त्याचा हिंदी अनुवाद वसंत देव यांनीं केला होता. आतां रचनाकारापुढची अडचण पाहा. सृष्टीच्या पूर्वीं काय होतें असें विचारणारें आणि संशयावरच थांबणारें हें सूक्त. त्याला भजनाची चाल लावली तर संशय मरतो. रागांत बांधलें तर रागाचा पूर्वपरिचित भाव त्याच्यावर चढून बसतो. वैदिकांच्या तोंडचें पठन जसेंच्या तसें ठेवलें तर तें धार्मिक विधीचें चित्र होतें, आणि मालिका कांहीं विधीसाठीं नव्हती. पाश्चात्त्य सिम्फनीचा थाट दिला तर वेद परका होतो. चारी वाटा बंद.

भाटिया यांनीं जी वाट काढली तिच्यांत देवधरांचें विद्यालय आणि बूलांजे यांचें गुरुकुल दोन्ही उपयोगी पडलीं, असें मला वाटतें. वैदिक पठन उदात्त, अनुदात्त व स्वरित अशा मोजक्याच स्वरांवर चालतें. आणि युरोपांतील चर्चमधील जुनें एकस्वरी पठनहि असेंच मोजक्या स्वरांवर चालत असे. त्याच पठनावर दुसरा आवाज, मग तिसरा आवाज असे थर चढत जाऊन पुढें त्यांचें सारें स्वरसंवादशास्त्र जन्मलें. म्हणजे ज्या ठिकाणीं दोन्ही परंपरा एकमेकींपासून फुटलेल्याच नाहींत, दोन्ही अजून नुसत्या उच्चारापाशींच आहेत, त्या ठिकाणीं हा रचनाकार जाऊन उभा राहिला. समूहाच्या तोंडून सूक्ताचा उच्चार सुरू होतो. त्याला सूर आहे, पण अजून गाणें नाहीं. मग त्यावर आवाजांचे थर चढूं लागतात, आणि हिंदी शब्द येतात तेव्हां ऐकणाऱ्याला आपण कांहीं परकें ऐकत आहों असें क्षणभरहि वाटत नाहीं. पूर्व-पश्चिम संगमावर आमच्याकडे परिषदा पुष्कळ भरल्या. सतारीच्या मागें व्हायोलिनांचा ताफा बसवून संगम झाला असें मानणारेहि पुष्कळ झाले. खरा संगम दर आठवड्याला दिवाणखान्यांत ऐकूं येत होता, आणि शिष्ट लोक तो ऐकून भाजी निवडीत होते.

दुसरें उदाहरण 'भूमिका' या १९७७ च्या चित्रपटाचें. हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मचरित्रावर तो आधारलेला आहे, हें मराठी वाचकांना सांगावयास नको. त्यांत एका नटीचें आयुष्य आणि त्याबरोबर बोलपटाच्या कैक वर्षांचा काळ सरकत जातो. त्या त्या काळच्या बोलपटांतील गाणें कसें असावें, वाद्यें कशीं असावींत, गळा कसा लागावा, हें भाटिया यांनीं नव्यानें रचून दाखविलें. जुनीं गाणीं उसनीं न घेतां जुना काळ स्वरांतून उभा करणें ही एक प्रकारची टीकाच आहे; साहित्यांत कोणी असें केलें असतें तर आम्हीं त्यावर प्रबंध लिहविले असते.

तिसरी समजूत अशी कीं, एवढ्या मोठ्या संख्येनें जो निर्माण करतो तो खोल असूं शकत नाहीं. येथें मी थोडें मान्य करून पुढें जातों. ७,००० जाहिरातगीतें सगळीं सारख्या तोलाचीं असणें शक्य नाहीं. त्यांतलीं बहुतेक त्या त्या मालाबरोबर खपलीं आणि संपलीं. तीं जपून ठेवावींत असा माझा आग्रह नाहीं. पुढें धंदेवाईक हिंदी चित्रपटांसाठीं त्यांनीं जें पार्श्वसंगीत केलें, तेंहि सगळें 'तमस'च्या पंक्तीला बसत नाहीं. भाटिया म्हणजे आपले बेथोव्हेन असें ठरविण्याची मला घाई नाहीं. पण कोणत्याहि कर्त्याचें मोजमाप त्याच्या उत्तम कृतींवरून करावयाचें, हा न्याय आम्ही कवींना लावतों. रचनाकाराला मात्र त्याच्या सर्वांत हलक्या कामावरून ओळखतों. 'तमस'च्या आरंभींची ती आर्त हांक ज्यांनीं १९८८ सालीं ऐकली, त्यांच्यापैकीं कोणाला ती साबणाच्या रचनाकाराची म्हणून कमी पोंचली?

येथवर अभिरुचीची गोष्ट झाली. आतां न्यायाची.

आमच्या १९५७ च्या स्वामित्वहक्काच्या कायद्याचा रोख असा कीं, मोबदला देऊन चित्रपट करवून घेणारा निर्माता हाच, उलट करार नसेल तर, पहिला स्वामी. हा अर्थ त्यांतील संगीतालाहि लागतो काय, यावर तंटा झाला, आणि १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या प्रकरणांत निर्मात्यांच्या बाजूनें कौल दिला. गाणाऱ्या-वाजविणाऱ्याला आमच्या कायद्यांत हक्कच नसावा हें या देशाच्या परंपरेला शोभत नाहीं, अशी पुस्ती न्या. कृष्ण अय्यर यांनीं जोडली. ती पुस्तीच राहिली. पुढें २०१२ सालीं संसदेनें कायदा सुधारला. जावेद अख्तर यांनीं राज्यसभेंत त्यासाठीं आपली बाजू हिरीरीनें मांडली. गीतकार व संगीतकार यांना चित्रपटगृहाबाहेरील उपयोगाबद्दल मिळणारा स्वामित्वधनाचा समान वांटा त्यांच्याकडून लिहून घेतांच येऊं नये, असें तेव्हां ठरलें. आतां सालें जुळवून पाहा. १९७७ हें 'भूमिके'चें साल, आणि २०१२ हें भाटिया यांच्या पद्मश्रीचें. त्यांच्या कर्तृत्वाचा ऐन बहर नेमका त्या ३५ वर्षांत मोडतो, ज्यांत या देशाच्या कायद्यानें रचनाकाराला मजूर मानिलें होतें. मजुरी एकदां चुकती केली कीं हिशेब मिटला. पुढें ती धून हजार वेळां वाजो कीं लाख वेळां.

एका उदाहरणानें हें अधिक स्पष्ट होईल. 'मंथन' हा चित्रपट १९७६ सालीं गुजरातेंतील पांच लाख दूधउत्पादक शेतकऱ्यांनीं प्रत्येकीं दोन रुपये घालून काढविला. त्यांतील प्रीति सागर यांनीं गाइलेलें गाणें पुढें अमूलच्या जाहिरातींतून कित्येक वर्षें घरोघर ऐकूं येत राहिलें. शेतकऱ्याच्या दोन रुपयांचा हिशेब आम्हीं इतिहासांत नोंदविला, आणि तें योग्यच झालें. पण ज्या चालीनें ती चळवळ लोकांच्या ओठांवर बसली, ती चाल बांधणाऱ्याचें नांव विचारा. मीं अनेक सुविद्य मंडळींना विचारून पाहिलें आहे. चाल सर्वांना येते; नांव क्वचित् कोणाला.

२०१९ सालच्या जानेवारींत सुप्रसिद्ध चेलोवादक यो-यो मा मुंबईस आले, आणि त्यांनीं भाटिया यांची 'रेव्हरी' ही रचना वाजविली. त्याच वर्षीं वृत्तपत्रांतून बातमी आली कीं, हे वयोवृद्ध रचनाकार आजारी असून त्यांच्यापाशीं पैसा उरलेला नाहीं. घरांतील कांचसामान विकण्याची वेळ आली आहे. शेअर बाजारांत बुडालेल्या पैशाचाहि त्यांत उल्लेख होता, आणि तो मी लपवीत नाहीं. व्यवहारांत माणसें चुकतात, कलावंत तर हमखास चुकतात. परंतु नियमित स्वामित्वधन ही गोष्ट अशासाठींच असते कीं, व्यवहारांत चुकलेल्या म्हाताऱ्याला आपल्या तरुणपणच्या कष्टांचा आधार उरावा. पुस्तकाच्या लेखकाला तो थोडाबहुत मिळतो. ज्याची धून कोट्यवधि लोकांनीं ऐकली, त्याला आम्हीं मदतनिधि दिला, सहानुभूति दिली. मदत ही देणाऱ्याच्या मोठेपणाची खूण असते. हक्क हा घेणाऱ्याच्या मोठेपणाची. आम्हांला पहिली अधिक आवडते.

हा दोष केवळ आमचाच आहे असें नाहीं. इंग्लंडांत 'डॉक्टर हू' या मालिकेचें शीर्षकसंगीत १९६३ सालीं रॉन ग्रेनर यांनीं लिहिलें, आणि डेलिया डर्बीशायर या बाईंनीं ध्वनिफितीचे तुकडे कापून, जोडून त्याला असें कांहीं रूप दिलें कीं स्वतः ग्रेनर थक्क झाले. आपल्या स्वामित्वधनांतील अर्धा वांटा बाईंना द्यावा अशी त्यांची इच्छा होती, बी. बी. सी. च्या नियमांत तें बसलें नाहीं. बाई २००१ सालीं वारल्या. मालिकेच्या पडद्यावर त्यांचें नांव आलें तें २०१३ सालीं. पण तेथें निदान नांव शोधून काढण्याची धडपड झाली. आमच्या आकाशवाणीची ती पहांटेची धून वॉल्टर कौफमान या निर्वासित संगीतज्ञाची म्हणून सांगतात. १९३४ सालीं ते मुंबईस आले आणि आकाशवाणीवर काम करून १९४६ सालीं निघून गेले. त्या धुनीवर कित्येक पिढ्या जाग्या झाल्या. तिच्या कर्त्याविषयीं निर्विवाद अशी नोंदहि आमच्यापाशीं असूं नये, याला काय म्हणावें?

आतां एक वर्ग राहिला, आणि त्याच्याविषयीं मला सर्वांत कमी आशा आहे. हे लोक भाटिया यांना तुच्छ लेखीत नाहींत. उलट 'भारत एक खोज'चे स्वर कानीं पडले कीं त्यांचे डोळे पाणावतात. पण कशानें? त्या स्वरांबरोबर त्यांना आपलें बालपण आठवतें, रविवारची सकाळ आठवते, आई-वडील आठवतात. या भावनेची मी थट्टा करीत नाहीं. मात्र जें संगीत केवळ आपल्या बालपणाची खुंटी म्हणून आवडतें, तें आपल्याला आवडत नाहीं. आपल्याला आपण आवडतों. असल्या प्रेमाची कसोटी आतां लागलीच आहे. नव्या पडद्यांवर शीर्षकसंगीत सुरू होतांच तें वगळण्याचें बटण पुढें येतें, आणि हींच हळवीं बोटें तें दाबतात. ज्या समाजाला नांदीपुरताहि धीर नाहीं, त्यानें उद्यां नांदीकार निपजत नाहींत म्हणून गळा काढूं नये.

मग करावयाचें काय? फार मोठ्या गोष्टी मी मागत नाहीं. पहिली गोष्ट नांवाची. ज्या मासिकांत नाटकाच्या परीक्षणांत नेपथ्यकाराचाहि उल्लेख होतो, त्यांत मालिकेच्या वा चित्रपटाच्या परीक्षणांत रचनाकार व त्याचे वादक यांचीं नांवें यावींत, आणि त्यांच्या कामाविषयीं चार वाक्यें तरी समजून लिहावींत. दुसरी गोष्ट कागदांची. भाटिया यांच्या पिढीचें संगीत स्वरलिपींत लिहिलेलें होतें. पियानोसाठीं त्यांनीं लिहिलेले 'फँटाझिया अँड फ्यूग', तंतुवाद्यांसाठीं लिहिलेली 'सिंफोनिया कन्चेर्टांटे', गिरीश कर्नाड यांच्या नाटकावरील 'अग्निवर्षा' हा ऑपेरा, आणि त्यांच्याच शेजारीं मालिकांचे व जाहिरातींचे कागद, हें सर्व एकाच कपाटांत, एकाच माणसाचें कार्य म्हणून ठेवलें गेलें पाहिजे. त्या ऑपेऱ्याचे पहिले दोन अंक २०१२ सालीं सादर झाले ते न्यूयॉर्कमध्यें. मुंबईच्या माणसाचें काम मुंबईंत वाजावें एवढी इच्छा धरणें फार नाहीं. तिसरी गोष्ट कायद्याची. २०१२ च्या सुधारणेनें दिलेला हक्क नव्या प्रक्षेपकांकडून प्रत्यक्ष वसूल होतो कीं नाहीं, इकडे सुशिक्षित नागरिकांनीं लक्ष द्यावें. लेखकांच्या मानधनासाठीं संमेलनांत ठराव होतात. संगीतकारांच्या स्वामित्वधनासाठीं एखादा होण्यास हरकत नसावी.

आणि चौथी गोष्ट टीकाकारांसाठीं. पोटासाठीं केलेलें काम आणि आत्म्यासाठीं केलेलें काम असे दोन कप्पे करून कलावंताला तोलण्याची संवय सोडून द्यावी. पोट आणि आत्मा यांचा संसार एकाच देहांत चालतो. आपली अटळ अडचण हेंच ज्यानें आपलें माध्यम केलें, साबणवाल्याच्या पैशानें ज्यानें वादक जमविले आणि त्याच वादकांकडून ऋग्वेदाचा संशय घरोघर पोंचविला, त्याला वाया गेला म्हणणें म्हणजे आपल्या कानांचा दिवाळखोरीचा अर्ज आपणच भरून देणें होय.